चंद्रज्योत कोणत्या पानावर?

शरयूताई कुठलंही पुस्तक मागून उघडायच्या. आधी सूची, मग बाकीचं. भिवंडीत आमच्या शेजारी राहायच्या, वाचनालयातून निवृत्त झालेल्या. लोकांच्या पुस्तकांच्या सूच्या करून द्यायच्या आणि मी, सातवी शिकलेली, एकेक शब्द नि त्याचं पान चिठ्ठीवर लिहून त्या चिठ्ठ्या अक्षरांप्रमाणे लावायची. एकाच गोष्टीला दोन नावं असली की एकापुढे पान लिहायचं, दुसऱ्यापुढे ‘अमुक पाहा’. ताई बजावायच्या, "कुंदा, ‘पाहा’ म्हणजे आलेल्याला शेजारच्या घरी पाठवणं. तिथं कुणी आहे ना, ते आधी आपण जाऊन बघायचं."

मोबाइल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. विषारी झाडांचं पुस्तक होतं, गावोगावच्या अंगणवाडीतल्या बायकांसाठी. काम छापायला गेलं, आणि काही दिवसांनी चहा पिताना ताई कच्ची प्रत पुढे सरकवून म्हणाल्या, "पोरं बिया खातात ना, ती चंद्रज्योत काढ बघू."

"‘मोगली एरंड पाहा’."

"मग काढ मोगली एरंड."

मी बोट खाली सरकवलं. "‘चंद्रज्योत पाहा’."

पान कुठेच नाही. दोन्ही चिठ्ठ्या माझ्याच हातच्या.

ताईंनी कप खाली ठेवला. "पोरगं ओकतंय आणि आई पानं उलटतेय. ऊठ."

प्रेसवाले चाचा म्हणाले, "ताई, सब छप गया. एक लफ्ज़ के लिए इतना टेन्शन?"

"लफ्ज़ नहीं चाचा, पन्ना नंबर. पेन दो."

चार दिवस आम्ही प्रत्येक प्रतीत दोन्ही नावांपुढे ‘४७’ लिहीत बसलो. पण एक गठ्ठा आधीच अकलोलीकडे गेला होता. मग एसटीने गावं पालथी घातली. एक सोडून सगळ्या प्रती सापडल्या. "ताय, पुस्तक न्हाय हो, सून म्हायेरी घेऊन गेली," एक बाई म्हणाली. सुनेच्या माहेरी गेलो, तर तिथून आणखी कुणी नेलेलं.

त्यानंतर कुठलं पोर आजारी पडल्याचं कानावर आलं, की ताईंचा जीव खालीवर. "काय खाल्लं होतं गं त्यानं?"

शेवटच्या आजारातही तेच. मला बघवेना. म्हटलं, "ताई, मिळालं ते पुस्तक. पान लिहिलं मी."

डोळे मिटलेलेच. "कुणाकडे होतं?"

कुणाचं नाव घ्यावं म्हणून मी त्यांची चादरच सारखी करत राहिले. त्यांनी माझा हात थोपटला. म्हणाल्या, "शोध."

दोन दिवसांनी गेल्या.

अकलोली-वज्रेश्वरीच्या बाजूला कुणाच्या फळीवर ते पुस्तक असेल, तर मागे चंद्रज्योतीपुढे सत्तेचाळीस लिहा. मोगली एरंडापुढेही लिहा. आज लिहा.