माथ्यावरून मुंबई ऐकू येत होती

माझ्या भावाचा डावा कान लढाईत गेला. तो सैन्याच्या बिनतारी संदेश पाठवणाऱ्या तुकडीत होता. ब्रह्मदेशाच्या जंगलात जवळच गोळा फुटला आणि तो कान कायमचा बंद झाला. उजवा चालायचा, पण त्यात दिवसरात्र बारीक शिटी वाजत राहायची. घरी परतल्यावर त्याला मोठं बोललेलं ऐकू यायचं, हळू बोललेलं नाही. आईवडील आधीच गेले होते. महाडच्या घरात आम्ही दोघंच. मी मुलींच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत होते.

त्याला बिनतारीशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही आवडतही नव्हतं. मुंबईच्या चोरबाजारातून त्याने लष्कराने मोडीत काढलेला एक सेट आणला, तो महिनोन् महिने खोलून जोडून चालता केला, आणि हौशी लोकांना सरकार देतं तो बिनतारीचा परवाना काढला. असा परवाना असलेली माणसं देशभर तुरळक विखुरलेली होती. घरात बसून ती एकमेकांशी मोर्समध्ये, म्हणजे चावीच्या कडकट्ट ठोक्यांनी, गप्पा मारायची. भावाचा चावीवरचा हात फार सुरेख होता. पण येणारा आवाज बारीक असला की त्याला तो कानातल्या शिटीतून वेगळा काढता यायचा नाही. म्हणून त्याने मला मोर्स शिकवलं. जेवताना ताटाच्या कडेवर चमच्याने वाजवून विचारायचा, "हे काय?" पुढे मीही परवान्याची परीक्षा दिली. तेव्हापासून तो पाठवायचा आणि मी ऐकायचे. ऐकलेलं मी कागदावर उतरवायचे, तो माझ्या खांद्यावरून वाचायचा.

महाड खोलगट आहे, चारी बाजूंनी डोंगर. घरातून आमचा आवाज धड बाहेर पडायचा नाही. आणि पावसाळ्यात कशेडी घाटात दरड आली की तारेचे खांब आडवे व्हायचे. गावाला जगाची खबर नाही आणि जगाला गावाची नाही. भावाने मनाशी धरलं, की अशा दिवशी डोंगरावरून मुंबईशी बोलता आलं पाहिजे. चांगल्या हवेत कोणीही बोलेल, म्हणायचा. त्याने सेट बाहेर न्यायची परवानगी काढली, आणि आम्ही मुद्दाम वाईट हवेत डोंगर चढू लागलो. बाजारात लोक हसायचे. "बाई, ऊन पडल्यावर जा की!" असं एकदा दुकानदाराने म्हटलं, तेव्हा भाऊ त्याच्यावर इतका भडकला की मला त्याला हाताला धरून बाहेर आणावं लागलं.

आमचा डोंगर पोलादपूरच्या वर होता. एस.टी.ने पोलादपूर, तिथून ओढ्यावरचा साकव ओलांडून चढण. वाटेत एक वाडी लागायची, आठ-दहा घरांची. बहुतेक घरांतला कर्ता माणूस मुंबईत. सगळ्यांत खालच्या घरी एक काकी राहायची, तिच्या घरी आम्ही टेकायचो. तिचा मुलगा मुंबईत गिरणीत होता, घरी ती आणि नवी सून. ती सून लाजाळू होती, पण सेटची तिला भारी उत्सुकता. एकदा तिने दारामागूनच मला विचारलं होतं, "बाय, यात मानसाचा आवाज येतो का नुसतं टकटक?" मी म्हटलं, नुसतं टकटक. तिची निराशा झालेली मला दिसली.

तो दिवस हस्ताच्या पावसातला. शेतात हळवं भात पिकून वाकलं होतं आणि रोज दुपारी ढग गडगडत चालून यायचे. आदल्या दिवसापासून पाऊस थांबलाच नव्हता. सकाळी आम्ही वर पोचलो, दोन बांबूंमध्ये तार ताणली, ताडपत्रीखाली सेट आणि मोटारीची बॅटरी ठेवली. काही वेळाने काकी ताडपत्रीखाली शिरली. गुरांसाठी गवत कापायला ती वर आली होती आणि पावसाने तिला गाठलं होतं. इरलं बाजूला ठेवून ती माझ्याजवळ बसली.

"सून कुठे?" मी विचारलं.

"कणकण हाय तिला. मीच म्हटलं, तू नको येव. घरात पडून ऱ्हा."

त्यानंतर थोड्याच वेळात तो आवाज झाला. आधी आम्हाला गडगडाटच वाटला, पण गडगडाट थांबतो, हा थांबेना. पायाखालची जमीन थरथरली. आम्ही माथ्याच्या कडेला धावलो. खालचा हिरवा उतार मधोमध फाटला होता आणि तांबडा चिखल झाडांसकट वाडीवर जाऊन बसला होता. वरची घरं एका अंगाला वाचली होती. खालची दोन दिसत नव्हती.

आम्ही खाली कसे पोचलो ते मला आठवत नाही. काकीच्या घराच्या जागी कौलं मिसळलेल्या चिखलाचा ढीग होता आणि त्यातून आंब्याचं एक अख्खं झाड मुळं वर करून उभं होतं. शेजारच्या घरातली माणसं शेतावर होती म्हणून वाचली. आत फक्त सून होती. वाडीत होते ते म्हातारे, बायका आणि तीन-चार तरणे पुरुष. कुदळी, पहारी, हात, जे मिळेल त्याने सगळे उकरत होते, आणि उकरलं तेवढं वरून पुन्हा घसरून येत होतं. दोघं जण पोलादपूरकडे मदतीला धावले होते. ते परत आले, नखशिखांत भिजलेले.

"साकव गेला," एक जण म्हणाला. "वड्यात उतरायची सोय नाय."

भावाच्या हाताला चिखल होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चल वर."

काकी आमच्या मागून निघाली. मी म्हटलं, काकी, तू थांब इथे. ती म्हणाली, "मी हितं काय करू? माज्या पोराला सांगायचं हाय."

वर ताडपत्री एका बाजूने उडाली होती, पण सेट कोरडा होता. मी हेडफोन चढवले. विजेच्या कडकडाटाने कान फाटत होते. आणि त्या कडकडाटामागे मला मुंबई ऐकू आली.

मुंबईत आमच्या ओळखीचा एक हौशी होता, इंजिनिअर. त्याला आम्ही कधी पाहिलं नव्हतं, पण दर रविवारी तो आमच्याशी बोलायचा. त्याचा हात मी हजारांत ओळखला असता. तो प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर किंचित ओढायचा. तो मद्रासच्या कोणाशी तरी बोलत होता, नवी तार कुठल्या गच्चीवर बांधली त्याबद्दल. इतका स्वच्छ, की शेजारच्या खोलीत बसल्यासारखा. मी भावाला खूण केली. त्याचं वाक्य संपताच भावाने मध्ये घुसून हाक घातली. आमचं नाव, तातडीचं आहे, दरड, माणूस गाडलं गेलंय, पोलादपूर, मदत.

मी ऐकत राहिले. मुंबई मद्रासला म्हणाली, गच्चीचा मालक चांगला आहे.

"काय म्हणतो?" भावाने विचारलं.

मी मान हलवली. त्याने पुन्हा हाक घातली. मला पुन्हा मान हलवावी लागली. आमच्या सेटची ताकद ती किती, त्यात तार ओली, वर विजा. त्यांच्याकडे आमची हाक त्या खडखडाटात विरून जात असणार. हे मला कळत होतं, त्यालाही कळत होतं. तरी तो हाका घालत राहिला, दरवेळी तितक्याच स्वच्छ हाताने, एक ठोका इकडेतिकडे न होता. आणि दरवेळी नाही म्हणायचं काम माझं होतं.

काकीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "माज्या पोराला सांग, लगेच ये म्हनावं. बायको गाडली असं नको सांगू. आजारी हाय म्हन. नायतर वाटेतच जीव सोडंल तो."

मी ते इंग्रजीत कागदावर लिहिलं, मुलाच्या गिरणीचं नाव लिहिलं, आणि भावासमोर धरलं. हौशी माणसाने दुसऱ्याचा निरोप पाठवायचा नाही असा परवान्याचा नियम होता. भावाने तो निरोप ठोकला. मग पुन्हा ठोकला.

"गेला का?" काकीने विचारलं.

"गेला, पण कोणी ऐकला नाही, काकी."

तिला ते समजलं नाही. तिने भावाच्या हलत्या हाताकडे बोट केलं. "मंग ह्यो कोनाशी बोलतोय?"

मी एका बाजूचा हेडफोन काढून तिच्या कानाला लावला. ती बराच वेळ ऐकत राहिली, डोळे मिटून, देवळात उभी असल्यासारखी. मग म्हणाली, "पावसावानीच वाजतंय गो," आणि हेडफोन माझ्या हातात दिला.

पुन्हा कानाला लावला तेव्हा मुंबईवाला निरोप घेत होता. डोक्यावर विजा फार आहेत, तार काढून ठेवतो, रविवारी भेटू. मी ते जसंच्या तसं भावाला सांगितलं. तसाच गडगडाट आमच्याही डोक्यावर होता. आमची तार दोन ओल्या बांबूंवर माथ्याच्या सर्वांत उंच जागी होती.

"दादा, आपणही काढू या."

"मद्रास असेल अजून."

मद्रास नव्हतं. कोणीच नव्हतं. त्याने कोणाचंही नाव न घेता, जो ऐकेल त्याच्यासाठी हाक घालायला सुरुवात केली. बॅटरी उतरत चालली, तशी सेटच्या झरोक्यातून दिसणारी आतल्या काचनळ्यांची लाली फिकी झाली. शेवटी चावी दाबली की काहीच होईना. तरी काही वेळ तो दाबत होता. मग काकीच उठली. इरलं डोक्यावर घेतलं आणि "चला रे, खाली हात लावू," असं म्हणून उतरू लागली. तिच्या मागून आम्ही.

सून दुसऱ्या दिवशी सापडली. चुलीच्या खोलीच्या भिंतीलगत, घोंगडी अंगाला गुंडाळलेली. ओढा ओसरल्यावर कोणी तरी पलीकडे गेलं, एका ट्रकवाल्याबरोबर मुंबईला सांगावा गेला. मुलगा आला तेव्हा सगळं उरकलं होतं. तो गोरापान, शहरी कपड्यांतला, हातात बायकोसाठी औषधाची बाटली. ट्रकवाल्यानेही त्याला आजारी आहे एवढंच सांगितलं होतं.

आम्ही अजून वाडीतच होतो. तो भावाजवळ येऊन उभा राहिला.

"तुमी वर मशीन लावून बसला व्हता म्हंतात."

"हो."

"मग?"

भावाच्या चांगल्या कानाच्या बाजूला उभा राहूनच त्याने विचारलं होतं. तरी भाऊ ऐकू न आल्यासारखा त्याच्याकडे बघत राहिला. मी मध्ये पडून काही तरी बोलले. मुलगा म्हणाला, "नाय, मी आपलं विचारलं," आणि बाटली कुठे ठेवावी ते न कळून हातात तशीच धरून राहिला.

दिवाळीनंतर मुंबईचा इंजिनिअर आमच्या घरी आला. भावाने त्याला सगळं कळवलं होतं. तो आम्हाला वाटला होता त्यापेक्षा खूप तरुण निघाला. चहाला हात न लावता म्हणाला, "त्या दिवशी मध्येच काही तरी बारीक टिकटिक वाटली होती. मला वाटलं, विजाच आहेत." भाऊ म्हणाला, "बरोबर आहे. मलाही तसंच वाटलं असतं." तो गेल्यावर भाऊ परसात जाऊन बसला. मी जेवायला हाक मारली. ऐकू आली नसेल म्हणून जवळ जाऊन मारली. तेव्हा म्हणाला, "पहिल्यांदाच ऐकली होती."

मला वाटलं होतं, आता हे संपलं. पण पुढच्या पावसाळ्यात तो नवी, जड बॅटरी घेऊन पुन्हा त्याच माथ्यावर निघाला. वाडी तोवर उठली होती. काकीला मुलाने मुंबईला नेलं होतं, बाकीचे खाली रस्त्याकडेला राहायला आले होते. तसाच पाऊस, तशाच विजा. तार ताणली, पहिलीच हाक घातली, आणि मुंबईने तत्काळ ओ दिली. खणखणीत ऐकू येतंय, इंजिनिअर म्हणाला, काय बातमी?

मी कागद भावासमोर धरला. तो वाचून त्याने चावीवरचा हात उचलला. बातमी काहीच नव्हती. मुंबई पुन्हा विचारत होती, आहात का, आहात का. शेवटी मीच चावी ओढून घेतली, सगळं ठीक आहे असं ठोकलं आणि सेट बंद केला. भाऊ उतारावरच्या त्या तांबड्या ओरखड्याकडे पाहत होता. त्यावर आता गवत उगवू लागलं होतं.

पुढे सीमेवर लढाई पेटली आणि सगळ्या हौशी लोकांचे परवाने थांबवले गेले. सेट चौकीत जमा करायचा हुकूम आला. भावाने तो स्वतः गोणपाटात बांधून नेऊन दिला. मग तो एका लाकडाच्या वखारीत कामाला लागला. तिथल्या करवतीच्या आवाजाने त्याचा उरलेला कानही मंदावत गेला. मी म्हटलं, दुसरं काम बघ. तो म्हणाला, हे बरं आहे.

लढाई संपल्यावर बऱ्याच काळाने परवाने परत मिळू लागले. मी त्याला मोठ्याने विचारलं, सेट सोडवून आणू या का?

"तुला ऐकायचंय?" तो म्हणाला.

मी नाही म्हटलं. त्याने मान डोलावली आणि भाताचं ताट पुढे ओढलं.