मॅडम, कुत्र्याचं एखादं चांगलं पुस्तक सांगा ना!

कुत्र्याचे केस आणि कुत्रेवाल्यांचे किस्से, दोन्ही सारखेच. कितीही झाडा, सोफ्याखाली उरतातच. मी तर आता झाडायचंही सोडून दिलंय. दमले बाई!

नव्वदच्या दशकात मी आणि सुभेदार अहिरे मिळून नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर दर रविवारी सकाळी कुत्र्यांचा वर्ग चालवायचो. मी बँकेत नोकरीला, पण लहानपणापासून घरात कुत्री. सुभेदार फौजेतून रिटायर झालेले, तिथेही त्यांच्याकडे कुत्रीच होती. मूळचे सटाण्याकडचे. ते कुत्र्यांना शिकवायचे आणि मी कुत्र्यांच्या मालकांना. त्यातलं अवघड काम माझ्या वाट्याला आलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

कारण मालकाला शिकायचं नसतं. त्याला पुस्तक हवं असतं! पहिल्या रविवारी कुत्रा पायात घोटाळत असतो, साखळीचा गुंता झालेला असतो, आणि साहेब विचारतात, "मॅडम, कुत्र्याचं एखादं चांगलं पुस्तक सांगा ना!" पंधरा-सोळा वर्षं हे एकच वाक्य ऐकलं मी. माझ्याकडे इंग्रजी पुस्तकांचं एक कपाट भरलं होतं. काही मेन रोडच्या फुटपाथवरून घेतलेली, काही देवळालीच्या लष्करी कॅम्पातले साहेबलोक बदली होऊन गेले की रद्दीत यायची ती. द्यायचे मी. नाही म्हणायचा कंटाळा, दुसरं काय!

*

पंचवटीतले एक गुरुजी होते. त्यांचा मोती म्हणजे पांढराशुभ्र पॉमेरेनियन. तेव्हा नाशकात दर दुसऱ्या घरात पॉमेरेनियनच असायचा. हा मोती सगळ्यांवर गुरगुरायचा. गुरुजींनी पुस्तक नेलं, आणि इंग्रजी शाळेत शिकवणाऱ्या सुनेकडून वाचून घेतलं. त्यात लिहिलं होतं, घरात आधी मालकाने जेवावं, मग कुत्र्याने. म्हणजे पुढारी कोण ते त्याला कळतं.

आता गुरुजींचं जेवण कधी? यजमानांची कामं आटोपून, दुपारी दोनला. पितृपक्षात तर चार वाजायचे. तोवर मोती उपाशी!

अशाच एका दिवशी बाहेरगावचे यजमान गुरुजींच्या घरी वडिलांचं श्राद्ध करत होते. मागच्या अंगणात कावळ्यासाठी पान ठेवलं. सगळे हात जोडून उभे. कावळा पत्र्यावर बसलेला, पण खाली काही येईना. इतक्यात स्वयंपाकघरातून मोती सुटला तो थेट पानावर! भात, वडा, खीर, सगळं साफ. पान चाटून मिशा पुसत बसला.

यजमान पांढरेफटक. बायको रडायला लागली. "गुरुजी, आता हो काय?"

गुरुजींनी डोळे मिटले. म्हणाले, "वडिलांना कुत्र्यांची आवड होती का?"

यजमान आठवून म्हणाले, "होती ना. गावाकडे मळ्यात एक होता. त्यांच्याच ताटातलं खायचा."

"मग पोचलं!" गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या रविवारी गुरुजींनी पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि हात जोडले. "मॅडम, मोती सकाळी सातला जेवतो आता. पुढारी तोच."

*

इंदिरानगरला एक नवरा-बायको होते, दोघंही कॉलेजात शिकवणारे. त्यांनी माझ्याकडून एकच पुस्तक नेलं असतं तर काही झालं नसतं. दोघांनी दोन नेली! त्याचं पुस्तक म्हणायचं, हुकूम कडक आवाजात द्या. तिचं म्हणायचं, लाडात सांगा आणि लगेच खाऊ द्या. दोघांचं सहा महिने भांडण. शेवटी एकाच गोष्टीवर एकमत झालं, की हुकूम मराठीत द्यायचा. "बस!" म्हटलं की कुत्र्याने बसायचं, आणि बसला की बिस्कीट.

ब्रूनो हुशार. आठवड्यात शिकला. बाईंनी मला फोन करून सांगितलं, मीही खूश झाले.

मग त्यांच्याकडे पाहुणे जेवायला आले. नवीन व्याही! बाई आग्रहाने वाढताहेत आणि व्याही ताटावर हात आडवा धरून म्हणताहेत, "बस, बस!" ब्रूनो टेबलाखालून आला आणि त्यांच्यासमोर बसला. बिस्कीट मिळेना. व्याही पुन्हा म्हणाले, "बस हो, बस झालं आता!" ब्रूनो आणखी ताठ बसला. चौथ्या "बस"ला त्याने एक पाय व्याह्यांच्या मांडीवर ठेवला आणि ताटातली पुरणपोळी स्वतःच उचलली. त्याची बाजू बरोबर होती. तो चार वेळा बसला होता!

मी हे सुभेदारांना सांगितलं. ते विडी पेटवत म्हणाले, "म्हनीसन मी अहिराणीमा शिकाडस!" खरंच होतं ते. आमच्या मैदानावर जर्मन जातीची कुत्री "बठ" म्हटलं की बसायची आणि "आठे ये" म्हटलं की धावत यायची. घरी गेली की मालकांना कळायचं नाही काय बोलायचं. मग ते येऊन मला विचारायचे, "मॅडम, अहिराणीचं एखादं पुस्तक?"

*

भालेराव नावाचे एक गृहस्थ होते. विमा कंपनीत होते, ब्रह्मचारी. दर रविवारी सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, हातात उत्तम चामड्याचा पट्टा. फक्त कुत्रा नव्हता!

"घ्यायचाय," म्हणायचे. "आधी अभ्यास होऊ दे."

माझं अख्खं कपाट वाचलं त्यांनी. डाग पडू न देता, वेळेवर परत. कोणत्या जातीची कुत्री कधी माजावर येते, पिल्लांचे कान कधी उभे राहतात, पोटात जंत झाले की डोळे कसे दिसतात, सगळं तोंडपाठ. दोन वर्षं गेली, चार गेली. नवे लोक त्यांनाच शंका विचारायला लागले. ते उत्तरंही नीट द्यायचे. मला बरंच वाटायचं, तेवढाच माझा घसा वाचायचा.

एके दिवशी एक नवीन बाई लॅब्राडॉरचं पिल्लू घेऊन आल्या. भालेरावांशी अर्धा तास बोलल्या. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाल्या, "सर फारच छान समजावतात हो! तुम्ही त्यांच्या असिस्टंट का?"

मी "हो" म्हटलं. खोटं बोलायलासुद्धा ताकद लागते, पण खरं सांगायला त्याहून जास्त लागली असती.

भालेराव बदली होऊन गेले तेव्हा त्यांनी तो पट्टा मला दिला. तेल लावलेला, मऊ. कुणाच्याही गळ्यात कधी न गेलेला. म्हटलं, "भालेराव, एवढं वाचलंत. घेतला का नाहीत हो?"

ते म्हणाले, "मॅडम, सगळ्या पुस्तकांत शेवटचा धडा एकच आहे. तो मेला की काय करायचं याचा. तिथे अडतो मी."

*

मग टीव्हीवर ती मोबाईलची जाहिरात आली आणि पग आले. एक साहेब सांगायला लागले, "जाहिरातीतला कसा पोराच्या मागे मागे जातो. आमचा जातच नाही!" एप्रिल महिना, दुपारी दोनची शाळा, डांबर वितळलेलं. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही जाता का मागे?" ते म्हणाले, "मॅडम, एवढ्या उन्हात?"

*

आता हा शेवटचा. हा सांगितला की मी चहा टाकणार आहे.

द्वारकेजवळ, म्हणजे नाशकातल्या त्या रात्रंदिवस गजबजलेल्या चौकाजवळ, एका गल्लीत शेखभाईंचं धान्याचं गोदाम होतं. साठीचे, पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता. पाच वेळचे नमाजी. उंदरांनी त्यांना जेरीस आणलं होतं. विष ठेवायचं नव्हतं, कारण माल खाण्याचा. मांजरं ठेवली, ती पोत्यांवर झोपून लठ्ठ झाली. कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं.

माझ्या कपाटात टेरियरवर एक जुनं पुस्तक होतं. हे कुत्रे मांडीवर घ्यायचे नाहीत, बिळात घुसून उंदीर-घुशी मारायच्या कामाचे. मी त्यांना हिंदीत वाचून दाखवलं. देवळालीला एका रिटायर साहेबांच्या घरी अशाच जातीची कुत्री व्यायली होती. एक पिल्लू मिळालं. पांढरं, एक कान काळा, वीतभर उंच.

शेखभाई पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मॅडम, ये नौकरी पे रखा है. घर में नहीं. हाथ भी नहीं लगाऊंगा." कुत्र्याची लाळ लागली की नमाजाआधी कपडे बदलायला लागतात, म्हणून ते हातभर लांबूनच वागायचे. खाणं हमाल घालायचे. नावही हमालांनीच ठेवलं, मॅनेजर. कारण उंदीर मारले की तो गादीसमोर ओळीने मांडून ठेवायचा आणि शेखभाई येईपर्यंत तिथेच बसायचा. शेखभाई बघायचे, मान डोलवायचे, "हां, ठीक है," म्हणायचे. तेवढ्यावर तो पुन्हा कामाला!

तीन-चार वर्षं असं चाललं. मग एका सकाळी मला बँकेत फोन आला. मॅनेजर घुशीच्या मागे फरशीखाली गेला होता, आदल्या दिवशी दुपारी. मागची माती ढासळली. संध्याकाळपर्यंत खालून भुंकणं ऐकू येत होतं. आता काहीच नाही.

मी सुभेदारांना घेऊन गेले. गोदामात ही गर्दी! हमाल पहारी घेऊन उभे, टेम्पोवाले, शेजारचे दुकानदार, आणि सगळे जमिनीकडे बघून ओरडताहेत, "मॅनेजर! ए मॅनेजर!" मधे शेखभाई. तोच पांढरा कुर्ता, गुडघ्यांपर्यंत चिखल. रात्री घरी गेलेच नव्हते.

मी ते पुस्तक पर्समध्ये घालून नेलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलेलं, की वरून हाका मारू नका. टेरियरला वाटतं मालक पाठीशी उभा आहे, मग तो जीव गेला तरी मागे फिरत नाही. सगळ्यांनी गप्प बसा.

मी म्हटलं, "शेखभाई, आवाज बंद करायला हवा. सगळा."

"मॅडम," ते म्हणाले, "ये द्वारका है."

पण उठले. गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले आणि हात जोडले. त्या माणसाला कधी कुणापुढे हात जोडताना कुणी पाहिलं नव्हतं. टेम्पो बंद झाले. ट्रकवाल्यांनी इंजिनं बंद केली. समोरच्या वेल्डिंगवाल्याने काम थांबवलं. हमाल तोंडावर हात ठेवून खाली बसले. लांब चौकात हॉर्न वाजत होते, पण गल्लीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. सुभेदार फरशीला कान लावून पडले होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. काहीच नव्हतं.

आम्ही वाट बघितली. फार वाट बघितली.

मग शेखभाई उठले आणि बिळाशी जाऊन पालथे पडले. मी हाताने खुणावलं, नको. त्यांनी बघितलंच नाही. बिळाला तोंड लावून अगदी हळू म्हणाले, "मॅनेजर... बेटा, बस हो गया काम. चल, घर चलते हैं."

घर त्या कुत्र्याने कधी बघितलंही नव्हतं.

पुढचा बराच वेळ काही नाही. मग आत माती सरकली. आधी एक काळा कान आला, फाटलेला. मग बाकीचा, चिखलाचा गोळा झालेला, एक डोळा सुजून बंद. हमाल ओरडायला लागले, तर शेखभाईंनी नुसता हात वर केला. त्याला उचललं. तो त्यांचं तोंड, दाढी, कुर्ता, सगळं चाटत होता. त्यांनी चाटू दिलं.

"क्या देख रहे हो?" ते हमालांवर खेकसले. "माल उतारो!"

आणि त्याला छातीशी धरून बाहेर आले. कोपऱ्यावरची रिक्षा थांबवली, घराचा पत्ता सांगितला. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि म्हणाला, "चाचा, सीट नयी है. कुत्ता नीचे रखो."

शेखभाई म्हणाले, "कुत्ता किसको बोला?"