शब्द दिला तिघांना

आता कसं सांगू, पावणं? चहा घ्या आधी. माझं राहतं घर मी माझ्याच तोंडानं घालवायला निघालो होतो!

गुडघे गेलेत. जिना चढवत नाही. म्हटलं, घर विकून तळमजल्याचा फ्लॅट घ्यावा. आमच्या मंडळींना ठरल्यावर सांगू. कोल्हापुरात एजंटांचा तोटा हाय व्हय? आधी गल्लीतला बाळू आला. त्याला म्हटलं, "तू नुसतं गिऱ्हाईक आण. बोलणी मी करणार." इथवर मी शहाणा!

मग हुपरीचे पावणं आले, तेबी एजंटच. गुडघ्यांची चौकशी केली, चहा प्याले. अशा माणसाला कोरडं कसं धाडायचं? म्हटलं, "तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला न्हाय."

शेवटी गडहिंग्लजचे आण्णा. ते तर पायाच पडले. मी विरघळलो. "आण्णा, तुमचा शब्द तोच माझा शब्द!"

आपली रीतच हाय की! घरी आलेल्याला 'घर तुमचंच' म्हणतो, म्हणून कोण घर उचलून नेतो काय?

नेतो!

रविवारी आण्णा व्यवहार ठरवूनच आले. मागं खरेदीदार, त्याची बायको, हातात पेढे. बाई सरळ स्वैपाकघरात. "हा कट्टा फोडायचा," म्हणाली. तिथं आमच्या मंडळी भाकरी थापत बसलेल्या!

"आण्णा, मला न इचारता ठरवलं?"

"तुमीच म्हनलासा की, माझा शब्द तोच तुमचा! दिला शब्द."

तेवढ्यात हुपरीचे पावणं गिऱ्हाईक घेऊन दारात. "काका, माझ्याशिवाय कुणाला न्हाय म्हनलासा! मग ही कोण?"

त्यांच्या मागनं बाळू. त्याचं गिऱ्हाईक तर टेप लावून भिंत मोजाय लागलं.

काय तो कालवा! आणि मी मधे उभा, चहा ओतत. आण्णांचा खरेदीदार विचारतोय, "सामान कधी हलवताय?" कुणाला खोटं पाडू? शब्द तर तिघांनाबी दिलेला. म्हातारपणी घरबी जाणार, अब्रूबी जाणार.

मंडळी पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. "घर कुणाचं हाय?"

तिन्ही एजंटांनी माझ्याकडं बोट केलं.

"व्हय? माझ्या बानं माझ्या नावानं घेतलंय त्ये! ह्यास्नी इकायला कुणी सांगितलं?"

सगळी माझ्याकडं वळली. इतकी वर्षं माझं घर, माझं घर म्हणत ते पार विसरूनच गेलो होतो! अधिकार वाटत सुटलेला मीच बिनअधिकाराचा चौथा एजंट.

आण्णा नरमले. "वहिनी, उद्या इकायचंच झालं, तर तुमच्या वतीनं बोलायचं कुणी?"

"कुणीबी बोला," मंडळी म्हणाल्या. "ह्यास्नी सोडून."