आमचा देऊळवाडा

मोरजीतलं घर मी फोंड्याला नेऊन ठेवलं. अजूनही तिरफळांचा वास आला की ती दुपार तरंगत समोर येते. शेजारच्या मावशीने पाहुण्यांसाठी खोली काढली होती. तिच्या वेबसाइटवरचा जुना नकाशा बंद पडला, म्हणून मी मोठ्या ऐटीत नवा बसवला आणि पत्ता लिहिला, 'देऊळवाडा, गोवा'. देऊळवाडा म्हणजे मोरजीतला आमचाच, दुसरा कुठला असणार? माडांच्या सावल्या अंगणात झुलत होत्या, समुद्र पेंगत होता, तिरफळं घातलेलं बांगड्याचं हुमण, म्हणजे आमची माशाची आमटी, निवत होतं, आणि मावशीचे पहिलेवहिले पाहुणे काही येत नव्हते. शेवटी त्यांचा फोन आला. नकाशाने त्यांना फोंड्याकडच्या देऊळवाड्यात, एका देवळासमोर नेलं होतं, आता तिथेच राहतो म्हणाले. मावशीने हुमणाचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. "खा आता. आनी तुझा घर ह्या कुंपणापलीकडे असा. नकाशा बघू नको, म्हणजे घराक पावशीत."