बिनवाऱ्याचा कोपरा

तिचं नाव मी विचारलं न्हाई. उन्हाळ्यात डोंगरकड्याच्या रस्त्यावर, माझ्या घरासमोर तिची जीप पंक्चर झाली. पाठीवर रायफलची लांब पेटी, हातात सोनाराकडं असतो तसला छोटा वजनकाटा. म्हणाली, "काका, वारा लागणार न्हाई असा कोपरा देता का?"

माजघरात बसवलं. लांबच्या निशाण्याच्या स्पर्धेला निघाली होती. एकेक काडतूस काट्यावर ठेवायची, फुंकरीनंबी आकडा हलतो म्हणून श्वास धरून बघायची अन् वजनावारी ढीग लावायची.

मी म्हटलं, "महागाचं घ्यायचं अन् मोकळं व्हायचं. एवढी तकलीफ काहून?"

"महागाचं माझ्या रायफलीला मानवत न्हाई, काका. जे मानवतं, त्यातलीबी एका वजनाची लागतात. न्हाई तर गोळी वरखाली जाते."

मग तिचं लक्ष कोपऱ्यातल्या हळदीच्या बेण्याकडं गेलं. "हे निवडायचं राहिलं?"

"निवडणारी पौषात गेली. जड गड्डा लावायला, हलका शिजवायला, हे तीच बघायची. मला जमत न्हाई."

तिनं माझ्या दोन्ही हातांत एकेक गड्डा ठेवला. "जड कोणता?"

"डावा."

"जमतंय की मग. उगं रुसून बसलात तुमी."

इतकं तोंडावर मला या घरात एकच बाई बोलायची.

पंक्चर निघालं अन् जीप गेली. मी बायकोच्या पाटावर बसलो अन् पहिला गड्डा उचलला. हाताच्या वजनाला वाऱ्याचं काय, पण उठून दार लोटून घेतलं.