टर्की कापण्याचा मान

माझ्या साडूवर मी सूड घेतला तो नाताळच्या दिवशी, दुपारी तीन वाजता, सहा किलोची टर्की त्याच्यापुढे ठेवून. मी स्वतः अंडंही खात नाही.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मूळचा नागपूरचा, आता ब्लँचर्डस्टाउनचा, आणि दर नाताळला टर्की भाजून आयर्लंडवर उपकार केल्यासारखा वावरणारा. गेल्या वर्षी त्याच्याकडे जेवण होतं. अमरावतीहून माझी आई आली होती, आणि लेटरकेनीहून एक शाकाहारी डॉक्टर जोडपं तीन तास गाडी चालवत आलं होतं. टेबलाच्या एका टोकाला टर्की, दुसऱ्या टोकाला आमच्यासाठी पनीर आणि छोले. साडूने भाषण केलं, अर्धा तास टर्की कापली आणि सगळ्यांना सुरुवात करायला सांगितलं.

पुढे काय झालं ते परदेशातल्या प्रत्येक शाकाहारी माणसाला ठाऊक असतं. मटण-चिकनवाल्यांनी आपली ताटं भरली आणि जाता जाता पनीरही घेतलं, ‘नुसतं चवीला’ म्हणून. आईला आधी दुसऱ्यांनी वाढून घेईपर्यंत थांबायची सवय. ती पोचली तेव्हा पनीरच्या ट्रेमध्ये तेल उरलं होतं. भाजलेले बटाटे होते, पण ते बदकाच्या चरबीत परतलेले. साडू हसत म्हणाला, “काकू, नाताळ आहे, थोडं अ‍ॅडजस्ट करा.” आईने क्रॅनबेरीचा जॅम लावून पाव खाल्ला आणि छान मुरांब्यासारखा लागतो म्हणाली. परतताना गाडीत तिने एवढंच विचारलं, घरी भात आहे का.

त्या भातापायी मी वर्षभर आनंदात होतो. खरंच सांगतो, कुणावर तरी सूड घ्यायचा आहे हे ठरलं की सकाळी उठायला हुरूप येतो.

या वर्षी आई पुन्हा येणार होती, म्हणून जेवण मी आमच्याकडे ल्यूकनला ठेवलं. पाहुणे तेच. ऑक्टोबरातच खाटकाकडे टर्की सांगून ठेवली. उत्तमातली हवी, कारण शाकाहारी माणसाने टर्की बिघडवली असं म्हणायची सोय मला साडूला द्यायची नव्हती. खाटीक म्हणाला, “ग्रँड.” इथे होकारापासून सांत्वनापर्यंत सगळं या एका शब्दात भागतं.

अडचण ओव्हनची होती. घरात ओव्हन एकच, आणि टर्की शिजलेल्या ओव्हनमधलं आई तोंडात घालणार नाही. म्हणून ओव्हन टर्कीला देऊन टाकला. तो भाग बायकोकडे. ती सगळं खाते. आमचं सगळं शेगडीवर, नव्या कढईत, आणि चमच्यांना लाल दोरा बांधून. मसालेभात, भरली वांगी, कढी. आणि पुडाची वडी.

हाच माझा हुकमी पत्ता. विदर्भात हिला सांबारवडीही म्हणतात, कारण कोथिंबिरीला तिथे सांबार म्हणतात. खसखस, खोबरं, चारोळी घातलेलं कोथिंबिरीचं सारण, वर पातळ पारी, आणि कुरकुरीत तळण. साडूने ती आठ वर्षांत खाल्ली नव्हती आणि हे दुःख तो दोन पेगनंतर न चुकता सांगत असे. कोथिंबिरीच्या जुड्या मी त्याच्याच घरामागच्या देशी दुकानातून उचलल्या. वड्या भरणार आई, तळणार मी. शाकाहारी आम्ही चौघं. माणशी पाच, म्हणजे वीस वड्या. एकविसावी नाही.

मी फ्रिजवर लावलेलं वेळापत्रक, ‘साडू कापायला उभा राहिला की पहिला घाणा’, बायकोने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. “ताईला यात ओढायचं नाही,” ती म्हणाली. मी कबूल केलं.

खरी धास्ती आईची होती. आई दारावर आलेल्या सेल्समनलाही चहा विचारते. कुणी हात पुढे केला की तिचा हात आपोआप वाढायला लागतो. तिने एक वडी जरी त्याच्या ताटात टाकली असती तरी माझं वर्ष पाण्यात. तिला सांगावं तर ती मलाच दटावणार, म्हणून सांगितलं नाही.

तीन वाजता सगळे बसले. मी सुरी साडूच्या हातात दिली आणि गंभीरपणे म्हणालो, “साडूभाऊ, कापायचा मान तुमचा.” तो फुलला. उभा राहिला, घसा साफ केला, टर्कीच्या जातींपासून सुरुवात केली. त्याच क्षणी मी पहिला घाणा कढईत सोडला.

वास टेबलापर्यंत पोचला तेव्हा साडू डाव्या तंगडीवर होता. वाक्य अर्धं राहिलं. सुरी सोडता येईना, कारण चार ताटं त्याच्यापुढे थांबलेली. मी गरम वड्या लेटरकेनीच्या ताटांत वाढल्या. डॉक्टरीणबाईंनी पहिला घास घेऊन डोळे मिटले, आणि नवऱ्याने त्यांच्या ताटातली एक हळूच उचलली. साडूची सुरी भराभर चालू लागली. उजवी बाजू तर त्याने लाकूड फोडल्यासारखी उरकली. पण टर्की मोठी होती. मी मोठीच सांगितली होती.

अखेर स्वतःचं ताट गच्च भरून तो आमच्या टोकाला आला. आईच्या ताटात दोन वड्या होत्या. माझ्या वाट्याच्या मी तळता तळताच खाल्ल्या होत्या, बाकीच्या संपल्या होत्या.

“काकू,” तो जवळजवळ कुजबुजला, “ही सांबारवडी आहे ना?”

“हो नं. मीच केली.”

“एक मिळेल?”

आईचा हात वडीकडे गेला. मी झारा धरून उभा होतो.

आईने वडी उचलली, कढीत बुडवली, आणि त्याच्या ताटाकडे बघून अगदी मायेने म्हणाली, “एवढं वाढून घेतलं नं तुम्ही. आधी ते तं संपवा, बाप्पा. अन्न टाकू नये.”

साडू खाली बसला आणि टर्की चावू लागला. आई एरवी वडी दोन घासांत संपवते. त्या दोन वड्या तिने त्याच्यासमोर बसून पाऊण तास खाल्ल्या.