आधी तुम्ही वाचा, मग टाकतो

"ताई, आधी तुम्ही वाचा, मग टाकतो." असं म्हणत भाऊ दारात उभे. चष्मा कपाळावर, मोबाईल माझ्यापुढे धरलेला.

काय टाकायचं असायचं? तर मलाच विरोध! आमच्या इंद्रलोक भागातल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मी रोज सकाळी देवाधर्माचं काहीतरी पाठवते. हे भाऊ वरच्या मजल्यावरचे, आयुष्यभर फ्रिज दुरुस्त केलेले. देव मानत नव्हते. पण माझं म्हणणं खोडायच्या आधी मलाच दाखवायला जिना उतरून यायचे. "यात तुम्हाला लागेल असं काही आहे का?"

मीही कमी नाही. "हा 'अडाणी' शब्द काढा," म्हणायची. ते उभ्याउभ्या एका बोटाने काढायचे.

"काढला. आता पटलं?"

"अजिबात नाही!"

मग दोघंही हसायचो आणि मी चहा ठेवायची. असा भांडणारा माणूस तुमच्या ग्रुपवर आहे का, सांगा बघू.

एकदा चहा घेताना हळूच म्हणाले, "बायको मिरा रोडला आयसीयूत होती ना, तेव्हा मी नवस बोललो होतो, ताई. मी! ती काही राहिली नाही. हे तुम्हालाच सांगतोय." मी त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

पुढे श्रावणात मी मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी येतंय असा व्हिडिओ टाकला. भाऊंनी उत्तर लिहिलं, मला दाखवलं, मी हो म्हटलं, मगच टाकलं. दमट हवेत थंड दगडाला पाणी सुटतं, फ्रिजच्या दाराला सुटतं तसं. एवढंच, तेही माफी मागून. पण ग्रुपवर सगळे त्यांना अंगठे द्यायला लागले. त्यात माझी सूनसुद्धा! मला झोंबलं. सगळ्यांना कळावं म्हणून मुद्दाम हिंदीत लिहिलं, "बीवी के टाइम मन्नत माँगी थी, तब कहाँ गया था ये ज्ञान?"

ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांचा नुसता पाऊस पडला. मग त्यांचं उत्तर आलं. "ताई सच बोल रही हैं। माँगी थी। पूरे मन से माँगी थी।"

त्यानंतर ग्रुपवर त्यांचा एक शब्द नाही.

चार दिवसांनी लिफ्टमध्ये भेटले. "चुकलं माझं, भाऊ," मी पुटपुटले. आजूबाजूला माणसं होती म्हणून अगदी हळू. ते म्हणाले, "मला काही बोलला असतात तरी चाललं असतं हो. तिला कशाला ग्रुपवर आणलंत?"

ग्रुपवर मात्र मी माफी मागितली नाही. आज लिहू, उद्या लिहू. सगळ्यांदेखत मान खाली घालायची लाज, दुसरं काय!

गेल्या महिन्यात भाऊ गेले. ग्रुप जोडलेल्या हातांनी भरला. नवीन राहायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "कौन से अंकल?"

कुणीतरी लिहिलं, "अरे वही, मन्नतवाले."

खाली लगेच त्या बाईंचेही हात जोडलेले. ओळख पटली होती.